पाणबुडीवरचा लायका कॅमेरा म्हणून दाखवतायत, घ्यावा का?

दुपारचा_चहा

मंडळी मदत हवीये आणि जरा घाईची आहे. गेल्या शुक्रवारी जुन्या बाजारात गेलो होतो, खरं तर पितळी समई बघायला (घरून ऑर्डर होती), आणि नेहमीप्रमाणे समई राहिली बाजूला. एका दुकानात काउंटरच्या आत फडक्यात गुंडाळलेला एक कॅमेरा होता. छोटा, मुठीत मावेल एवढा पण हाताला जड, काळा रंग कडेने उडून पितळ दिसतंय, वरच्या पत्र्यावर गरुड आणि स्वस्तिक (देवघरातलं नव्हे, ते तिरकं), त्याखाली क्रीग्समरीन आणि मागच्या बाजूला यू-बोट असं कोरलंय. वर लायका, अर्न्स्ट लाइट्स वेट्झलार. लेन्स बाहेर ओढून फिरवून लॉक करायची, तिच्यावर एल्मार लिहिलंय. नंबर ८३ हजारांतला आहे, फोटो काढू देत नव्हता म्हणून हातावर लिहून आणला.

दुकानदार म्हणाला साहेब हिटलरच्या पाणबुडीतला पीस आहे, पेरिस्कोपला लावून बोटी बुडताना फोटो काढायचे, जगात दहाच शिल्लक आहेत. ९०,००० पासून सुरुवात केली, दोन कटिंग चहा आणि अर्धा तास घासाघीस झाल्यावर ३८,००० वर आला. मी २,००० इसार देऊन आलोय, या शुक्रवारी उरलेले द्यायचेत.

तर प्रश्न दोन. एक म्हणजे हा खरा असेल का. आणि दुसरं, जे मला आता झोपू देत नाहीये, की पाणबुडीत खरंच असे खास कॅमेरे असायचे का आणि त्या पेरिस्कोपमधून फोटो काढायचे तरी कसे? मी आजपर्यंत पेरिस्कोप म्हणजे शाळेत पुठ्ठा आणि दोन आरसे लावून केलेला तेवढाच बघितलाय.

रोल_नंबर_१२०

इसार गेला असं समजा आणि शांत झोपा.

आता कारण सांगतो. गरुड, स्वस्तिक, यू-बोट, आणि तेही सगळं एकाच कॅमेऱ्यावर, एवढी जाहिरात खऱ्या लष्करी वस्तूवर नसते. ही ९९ टक्के रशियन फेड किंवा झोर्की आहे. फेड हा लायका २ चा हुबेहूब सोव्हिएत अवतार, १९३४ पासून खारकोवमध्ये बनायचा, नाव फेलिक्स एद्मुंदोविच द्झेर्झिन्स्की याच्या आद्याक्षरांवरून, म्हणजे सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या संस्थापकाच्या नावाचा कॅमेरा! झोर्की त्याचा धाकटा भाऊ, युद्धानंतरचा. दोन्ही लाखांनी बनले. सोव्हिएत युनियन फुटल्यावर कोणाच्या तरी डोक्यात आलं की वरचा पत्रा घासून त्यावर लायका कोरलं की भाव दहापट होतो, आणि गरुड कोरला की अजून जास्त. तेव्हापासून जगभरच्या बाजारात हे फिरतायत. सोनेरी, लाल कातडीवाले, ऑलिम्पिकवाले, पाणबुडीवाले, काय हवं ते.

बघायचं कसं ते लिहून घ्या, शुक्रवारी दुकानातच करा:

लेन्स डावी-उजवी फिरवून काढा, आट्यांची आहे, निघते. आत वरच्या बाजूला एक छोटा दांडा दिसेल जो लेन्सच्या मागच्या कडेला टेकतो आणि रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस करायची सोय) चालवतो. खऱ्या लायकात त्या दांड्याच्या टोकाला बारीक गोल चाक असतं. फेड-झोर्कीत चाक नसतं, पाचरीसारखा चपटा तुकडा असतो. एवढं एक बघितलंत तरी केस बंद.

मग लेन्सवरचे आकडे, उजेड किती आत सोडायचा ते ठरवणारे. युद्धाआधीच्या जर्मन एल्मारवर ३.५ नंतर ४.५, ६.३, ९, १२.५, १८ अशी चढण असते. तुमच्यावर ४, ५.६, ८, ११, १६ असेल तर ती झोर्कीची इंडस्टार आहे, एल्मार नाव नंतर चिकटवलंय.

आणि नंबर. ८३ हजार म्हणजे लायकाच्या यादीत १९३२ च्या आसपासचा. क्रीग्समरीन हे नावच १९३५ ला आलं, त्याआधी त्यांच्या नौदलाला राइक्समरीन म्हणायचे.

खारं_वारं

नंबरचा मुद्दा तितका पक्का नाही हो. १९३२ चा कॅमेरा नंतर नौदलाने घेऊन १९४० ला कोरला असं होऊच शकतं. बाकी पाचर आणि आकड्यांशी सहमत.

रोल_नंबर_१२०

मान्य. पण १९३२ ची लायका २, तिच्यावर १९४० ची कोरीवकामं, आणि ती ३८ हजारात... असो. नौदलाच्या खऱ्या लायका नव्हत्याच असं मी म्हणत नाहीये. युद्धकाळातली लायका ३सी बघा, तिच्या पुढच्या अंगाला स्लो स्पीडची वेगळी चकती असते, काहींच्या शटरचा पडदा लाल कापडाचा असतो, काहींच्या नंबरच्या शेवटी के असतो. त्या खऱ्या. पण त्यांच्यावरचं कोरीवकाम बघितलं तर सरकारी ऑफिसातल्या खुर्चीवर नंबर टाकतात तसं असतं, कामापुरतं. लग्नपत्रिकेसारखं नाही.

दुपारचा_चहा

अहो शुक्रवारपर्यंत दम निघेना म्हणून आज हाफ डे टाकून गेलो. लेन्स काढू देईना, मग म्हटलं काका बघू तर द्या आतून बुरशी आहे का, तेव्हा दिली. मोबाईलचा टॉर्च मारला.

पाचर आहे. चाक वगैरे काही नाही. आकडे ४, ५.६, ८.

स्लो स्पीडची चकती पण नाही. आणि ज्याला मी उडालेला रंग समजत होतो तो सगळ्या कोपऱ्यांवर अगदी सारखा उडालाय, पॉलिश पेपरने घासल्यासारखा.

ठीक आहे, धडा मिळाला. पण दुसऱ्या प्रश्नाचं कोणीतरी सांगा ना. पाणबुडीचे कॅमेरे ही पूर्ण थापच आहे का?

जुनी_काच

थाप नाही. आणि तुमच्या दुकानदाराने सांगितलेला दहा हा आकडा पण थाप नाही, फक्त तो दुसऱ्याच कॅमेऱ्याचा आहे आणि दुसऱ्याच देशाच्या नौदलाचा. सविस्तर लिहिते, चहा घेऊन बसा.

१९४३. पॅसिफिकमध्ये अमेरिकेला गिल्बर्ट बेटांवर उतरायचं होतं, त्यातलं मुख्य तारावा. विमानातून काढलेले फोटो होते पण ते वरून. वरून बघितलं की माडांची झावळीच दिसते, माडाखाली काय आहे ते नाही. बोटीतून उतरणाऱ्या माणसाला किनारा आडवा दिसतो, त्याच्या डोळ्याच्या उंचीवरून, आणि तसा फोटो किनाऱ्याजवळ जाऊन कोण काढणार? पाणबुडी. म्हणून नॉटिलस ही पाणबुडी (जुनी, १९३० ची, आकाराने प्रचंड) सप्टेंबर १९४३ मध्ये पर्ल हार्बरहून निघाली आणि तारावा, माकिन, बुतारितारी, अबेमामा असा एकेक किनारा पेरिस्कोपमधून टिपत फिरली. नुसते सुटे फोटो नाहीत, एकाला एक जोडून अख्ख्या किनाऱ्याची पट्टी तयार होईल असे. रोल पाणबुडीतच धुवायचे, म्हणजे फोटो बिघडला असेल तर लगेच कळावं आणि परत काढता यावा, कारण पर्ल हार्बरला पोचल्यावर कळून काय उपयोग.

आता कॅमेऱ्याची गोष्ट. नौदलाने सोबत स्वतःचे सरकारी कॅमेरे दिले होते, तीन प्रकारचे. तिन्ही पेरिस्कोपवर कुचकामी ठरले. पाणबुडीवरचे एक्झिक्युटिव्ह ऑफिसर (कॅप्टनच्या खालोखालचे), लिंच नावाचे, त्यांना फोटोग्राफीचा नाद होता आणि त्यांच्या सामानात स्वतःचा कॅमेरा होता. तो लावून बघितला आणि तोच चालला. अख्खी मोहीम एका ऑफिसरच्या खाजगी कॅमेऱ्यावर पार पडली.

आणि तो कॅमेरा होता जर्मन! प्राइमारफ्लेक्स. गर्लिट्झ गावच्या कुर्ट बेंटझिन कंपनीचा, ६ बाय ६ सेंटिमीटर निगेटिव्हचा, एका लेन्सचा रिफ्लेक्स (आतल्या आरशामुळे लेन्समधून येणारंच चित्र काचेवर दिसतं तो). ज्यांच्याशी युद्ध चालू आहे त्यांचाच माल. अमेरिकन पुस्तकांत त्याचं नाव बऱ्याचदा प्रिमोफ्लेक्स असं चुकीचं लिहिलेलं सापडतं, शोधताना दोन्ही स्पेलिंग टाका.

नॉटिलस ऑक्टोबरमध्ये परत आली, फोटो बघून वरचे लोक खूश, आता असे कॅमेरे अजून हवेत. पण आणायचे कुठून? शत्रूच्या कारखान्याला ऑर्डर तर देता येत नाही. मग नौदलाने काय केलं तर फोटोग्राफीच्या मासिकांत गुपचूप छोट्या जाहिराती दिल्या, जुना प्राइमारफ्लेक्स विकत घेऊ म्हणून. युद्धाआधी हौशी लोकांनी घेतलेले, कपाटात पडलेले कॅमेरे. असे सेकंडहँड दहा मिळाले. ते पुढे युद्ध संपेपर्यंत पाणबुड्यांवर वापरले गेले. १९४४ मध्ये ग्रीनलिंगने सायपान, तिनियान, ग्वामचे किनारे टिपले, वर्षअखेरीस स्पिअरफिश इवो जिमाला गेली, हे काम नेहमीचंच होऊन बसलं.

म्हणजे बघा, जगातला अस्सल दुर्मिळ पाणबुडीचा कॅमेरा कुठला, तर कोण्या हौशी माणसाने मासिकातली जाहिरात बघून विकलेला साधा नागरी कॅमेरा. त्याच्यावर गरुड नाही, नांगर नाही. मी स्वतः एक प्राइमारफ्लेक्स हातात घेतलाय, एका ओळखीच्या संग्राहकाकडे. वरचं झाकण उघडलं की चार बाजूंनी पत्र्याच्या भिंती उभ्या राहतात आणि खाली काचेवर चित्र दिसतं, उजवीकडचं डावीकडे. बाजूला मोठं गोल बटन, ते फिरवलं की रोल पण पुढे जातो आणि शटर पण भरतं. दाबल्यावर आतला आरसा असा काही धाडकन उडतो की कॅमेरा हातात दचकतो. तो त्या दहांपैकी होता का, हे त्या कॅमेऱ्याकडे बघून ब्रह्मदेवाला पण सांगता येणार नाही.

पाटीवरचा_खडू

काचताई मस्त लिहिलंय. मी फिजिक्स शिकवतो, त्यामुळे तीन सरकारी कॅमेरे का फेल गेले असतील आणि रिफ्लेक्सच का चालला याचा अंदाज बांधता येतो, सांगायचा मोह आवरत नाहीये.

पेरिस्कोप म्हणजे शाळेतला पुठ्ठा नव्हे. अमेरिकन पाणबुडीचा पेरिस्कोप साधारण ४० फूट लांब, म्हणजे चार मजली इमारतीएवढी नळी, जाडी साडेसात इंच, वरचं टोक मात्र मनगटापेक्षा बारीक कारण पाण्यावर तेवढंच दिसलं पाहिजे. आत प्रिझम आणि लेन्सांची रांग. प्रत्येक काचेवर थोडा उजेड परत फिरतो, खाली येईपर्यंत बराच गळतो. दोन पॉवर असायच्या, दीडपट आणि सहापट.

आता घरी करून बघण्यासारखी गोष्ट. दुर्बीण घ्या, हात लांब करून धरा आणि तिच्या डोळा लावायच्या काचेकडे बघा. काळ्या वर्तुळात एक छोटा उजेडाचा ठिपका दिसेल, वाटाण्याएवढा. सगळा उजेड त्या ठिपक्यातून बाहेर येतो. पेरिस्कोपचं पण तसंच. समजा ठिपका ४ मिमीचा आहे. तुमच्या कॅमेऱ्याची लेन्स १०५ मिमीची, एफ ३.५ वाली, म्हणजे तिचं तोंड १०५ भागिले ३.५, ३० मिमी. पण उजेड येतोय ४ मिमीतून, मग बाकीचं तोंड रिकामंच! १०५ भागिले ४, म्हणजे तुमची भारी लेन्स प्रत्यक्षात एफ २६ झाली. त्यात नळीत गळालेला उजेड धरा. त्या काळची चांगली फास्ट फिल्म म्हणजे आजच्या हिशोबात आयएसओ १०० च्या आसपास. भर उन्हात सुद्धा शटर सेकंदाच्या पंचविसाव्या-तिसाव्या भागाला येतं. आणि पाण्यातून चालताना ती लांब काठी थरथरते, म्हणून पाणबुडी अगदी बैलगाडीच्या चालीने न्यायची.

दुसरी भानगड म्हणजे त्या ठिपक्यासमोर कॅमेरा तंतोतंत यायला हवा. एक-दोन मिमी इकडे तिकडे झाला की चित्राची एक बाजू काळी. मी काल गॅलरीत आमच्या दुर्बिणीला मोबाईल लावून समोरच्या टेकडीवरच्या मंदिराचा कळस पकडायचा प्रयत्न केला, बावीस फोटो काढले, त्यातल्या एकोणीस मध्ये चंद्रकोर आहे आणि कळस नाही. आणि माझ्याकडे स्क्रीनवर दिसत तरी होतं. वेगळी खिडकी असलेल्या कॅमेऱ्यात, लायका असो की कुठलाही, खिडकीतून तुम्हाला दिसणार पाणबुडीची भिंत, लेन्सला काय दिसतंय ते रोल धुतल्यावरच कळणार. रिफ्लेक्समध्ये लेन्सला दिसतं तेच काचेवर दिसतं. कॅमेरा ब्रॅकेटने घट्ट बसवा, वरून वाकून काचेवर बघा, गोल पूर्ण भरलाय, फोकस झालाय, दाबा. माझ्या मते लिंचसाहेबांचा कॅमेरा जिंकला तो एवढ्यासाठीच.

तेव्हाचे असे फोटो बघितले तर त्यात मधोमध उभी-आडवी रेघ आणि बारीक खुणा दिसतात. त्या नंतर काढलेल्या नाहीत, पेरिस्कोपच्या आतल्या काचेवरच्या आहेत, अंतर मोजायच्या.

दुपारचा_चहा

सर तुम्ही आम्हाला नववीत शिकवायला असता तर मी कॉमर्सला गेलो नसतो.

म्हणजे माझा तो पाणबुडीवाला लायका अस्सल असता तरी पेरिस्कोपला लावून काही उपयोग नव्हता?

पाटीवरचा_खडू

लायकाला आरशाची वेगळी पेटी जोडता यायची, लाइट्स कंपनीच बनवायची, त्यामुळे अगदीच उपयोग नाही असं नाही. पण नुसता तुमच्या दुकानातला कॅमेरा आहे तसा लावून, नाही. जर्मन पाणबुड्यांवर लायका असायचे ते वर बुरुजावरच्या उघड्या जागेत उभं राहून साधे फोटो काढायला, दाढीवाले खलाशी, पकडलेली बोट वगैरे.

अडीच_नॉट

नौदलातून रिटायर झालोय, पाणबुडीत नव्हतो पण पाणबुडीवाल्यांच्या खूप गप्पा ऐकल्यात. काचताईंनी तारावाचं अर्धंच सांगितलं, उरलेलं मी सांगतो कारण त्याशिवाय मजा नाही.

नॉटिलस परत नोव्हेंबरमध्ये तारावाला गेली, हल्ल्याच्या दोन दिवस आधी, शेवटची पाहणी करायला. तेव्हा तिने कळवलं की बेटिओच्या (तारावातलं मुख्य बेट) बंदराचा जो नकाशा सगळे वापरतायत तो ११ अंश फिरलेला आहे. ११ अंश! ज्याने कधी बोट चालवलीये त्याला विचारा ११ अंश म्हणजे काय असतं. आणि हे कळवून झाल्यावर दुसऱ्या रात्री त्यांच्याच ताफ्यातल्या रिंगोल्ड नावाच्या विनाशिकेने तिला शत्रू समजून गोळा घातला. पाच इंची गोळा पाणबुडीच्या बुरुजाच्या बुडाशी शिरला आणि फुटलाच नाही. फुटला असता तर सगळे गेले असते. त्या तशाच अवस्थेत दुरुस्ती करत तिने पुढे अबेमामाला ७८ जणांची तुकडी उतरवली.

आणि एक, फोटो एवढे चांगले असून तारावाला २० नोव्हेंबरला व्हायचं ते झालंच. भरती अपुरी, बोटी प्रवाळाच्या कठड्यावर अडकल्या, सैनिक छातीभर पाण्यातून शेकडो यार्ड चालत गेले, तीन दिवसांत हजाराच्या आसपास अमेरिकन मेले, जपानी बाजूचे तर जवळजवळ सगळेच. पेरिस्कोपला पाण्यावरचं दिसतं. पाण्याखाली किती खोल आहे ते फोटोत येत नाही. पाणबुडीच्याच फोटोत येऊ नये, काय म्हणायचं.

चिंचेची_सावली

वाहूचं कोणी सांगितलं नाही अजून? माझी आवडती गोष्ट.

जानेवारी १९४३, वाहू पाणबुडी, कॅप्टन मॉर्टन. हुकूम आला की वेवाक बंदर बघून या, न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर. त्यांच्याकडे वेवाकचा नकाशाच नव्हता, त्यांच्या चार्टवर ते कुठे आहे तेच नीट नाही. तर इंजिन रूममधल्या एकाने ऑस्ट्रेलियात असताना मुलांचा शाळेचा अ‍ॅटलास विकत घेतला होता, त्यात सापडलं, नखाएवढं. मग पाणबुडीवरच्या एकाच्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याची लेन्स आणि सिग्नल द्यायचा दिवा जोडून त्यांनी एन्लार्जर बनवला, त्या नखाएवढ्या चित्राचा उजेड टेबलावर पाडला आणि त्यावरून गिरवून मोठा नकाशा केला!! म्हणजे पाणबुडीतल्या कॅमेऱ्याचं सगळ्यात भारी काम कुठलं तर फोटो काढणं नाहीच, आपण लहानपणी भूगोलाचे नकाशे कंदिलाच्या काचेवर ठेवून गिरवायचो तसलं.

२४ जानेवारीला आत शिरले. हारुसामे नावाची विनाशिका सरळ अंगावर आली, टॉर्पेडो चुकत गेले आणि शेवटी समोरासमोर एक लागला. पेरिस्कोपमधून फोटो काढला, बोटीचा कणा मोडलेला स्पष्ट दिसतोय. बुडाली म्हणून जल्लोष. आणि ती बुडालीच नव्हती! जपान्यांनी किनाऱ्याला चढवली, दुरुस्त केली, परत युद्धावर पाठवली. जून १९४४ मध्ये विमानांनी बुडवली तेव्हा कुठे खरी गेली.

रोल_नंबर_१२०

फोटोवरून आठवलं, एक बुडणाऱ्या जपानी विनाशिकेचा फोटो फार प्रसिद्ध आहे, तोफेच्या बुरुजाच्या माथ्यावर उगवत्या सूर्याचं चिन्ह आणि उजवीकडे पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं वर चढतायत. ती यामाकाझे, २५ जून १९४२, नॉटिलसनेच बुडवलेली. अमेरिकन सरकारी संग्रहात त्या फोटोखाली लिहिलंय, वाहू किंवा नॉटिलस यांच्या पेरिस्कोपमधून. किंवा! सरकारी कागदाला पण खात्री नाही आणि आमचा बाजारातला दुकानदार यू-बोट कोरून मोकळा.

परसातला_लिंबू

नेताजींचा पाणबुडीतला फोटो आहे ना, जपानी खलाशांबरोबर ग्रुप फोटो, पहिल्या रांगेत बसलेले. तो पण असाच खास कॅमेऱ्याने काढलेला का?

अडीच_नॉट

नाही हो, तो आय-२९ वरचा, डेकवर उघड्यावर बसून काढलाय, एप्रिल १९४३. जर्मनीतून यू-१८० मध्ये निघाले, मादागास्करच्या पलीकडे भर समुद्रात रबरी होडीतून दोर धरून जपानी पाणबुडीवर गेले, सोबत आबिद हसन. खवळलेला समुद्र होता. पेरिस्कोपचं काही काम नाही त्यात, साध्या कॅमेऱ्याचा साधा ग्रुप फोटो, शाळेत वर्ग संपताना काढतात तसा. पण बघताना अंगावर काटा येतो हे खरं.

सातासमुद्रापार

न्यू जर्सीहून लिहितोय. खरा नौदलवाला कॅमेरा हवा असेल तर कोडॅक मेडलिस्ट बघा, अमेरिकन नेव्हीने युद्धात भरपूर वापरला, पेरिस्कोपसाठीच असा नाही, सगळ्याच कामाला. इथे एका घराच्या सामानाच्या विक्रीत मला मिळाला, गराजमध्ये रंगाच्या डब्यांशेजारी पडला होता. ६ बाय ९ ची निगेटिव्ह, एका रोलवर आठच फोटो, १०० मिमीची एक्टार लेन्स आणि ती बाहेर येते ती जाड आट्यांवर, बरणीचं झाकण उघडल्यासारखी. वजन एवढं की गळ्यात अडकवून आमच्या हिने अर्ध्या तासात परत दिला. अडचण एकच, त्याला ६२० रोल लागतो आणि तो कोडॅकने १९९५ मध्ये बंद केला. फिल्म १२० सारखीच, फक्त रीळ बारीक. म्हणून मी रात्री बाथरूमच्या दाराखाली टॉवेल लावून अंधारात १२० ची फिल्म उलगडून जुन्या ६२० च्या रिळावर गुंडाळतो. पहिल्या वेळी शेवटची चिकटपट्टी सरळ लागली नाही आणि मधोमध फुगा आला, आठही फोटोंना एकाच जागी सुरकुती. पण ज्या दिवशी नीट जमतं त्या दिवशी त्या निगेटिव्हकडे बघून घ्यावं.

रोल_नंबर_१२०

टीप: चिकटपट्टीचं टोक सोडवून परत चिकटवायचं असतं, नाहीतर फुगा येणारच. आणि ते रीळ लॅबवाल्याकडून परत मागून घ्या नाहीतर फेकून देतात.

परसातला_लिंबू

समई घेतली का पण?

दुपारचा_चहा

अपडेट द्यायला आलोय.

काल शुक्रवार होता. गेलो, म्हटलं काका रशियन आहे हा, आत पाचर आहे. त्यांचा चेहरा अजिबात बदलला नाही. म्हणाले इसार परत मिळत नाही पण दुसरं काही घ्या, वळते करतो. मग समई घेतली, जुनी, जड, पाच वातींची, हिला आवडली, त्यामुळे घरच्या आघाडीवर शांतता आहे. काचताईंचं सगळं मी घरी वाचून दाखवलं, ती म्हणाली म्हणजे ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही तो खरा, मग आपल्या माळ्यावरचा बाबांचा कॅमेरा पण पाणबुडीतला असेल.

निघताना काका म्हणाले थांबा, पाणबुडी नको असेल तर विमानातला आहे, आणि खालच्या खणातून अजून एक फडकं काढलं. सेम कॅमेरा. फक्त यू-बोटच्या जागी लुफ्तवाफे (जर्मन हवाई दल) आणि रंग करडा. सहज म्हणून नंबर बघितला आणि मोबाईलमध्ये लिहून ठेवलेल्याशी लावून बघितला.

शेवटच्या आकड्यापर्यंत तोच.

खारं_वारं

दोन्ही घ्या, जुळे आहेत.